नारळाचा सातवा तुकडा

वाल्मीक पिंगळ विमानाला टेकू देतो, असं जानोरीत कुणी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय करतो?" सांगणाऱ्याला पुढचं काही माहीत नसतं. खुद्द वाल्मीकला विचारलं तर तो म्हणतो, "टेकू देतो," आणि पुन्हा गप्प बसतो.

खरं तर त्यात हसण्यासारखं काही नाही. गावाशेजारच्या नाशिक विमानतळावर येणारं सह्यगंगा एअरचं विमान पंख्याचं. दोन बाजूंना दोन पंखे, मध्ये सत्तर खुर्च्या, आणि माणसांनी चढायउतरायचं दार शेपटीकडे. जड सामान मात्र पुढच्या कप्प्यात. आता लोक दारातून आत शिरले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दारातच गर्दी करून उभे राहिले, आणि त्याच वेळी पुढचं सामान कुणी उतरवलं, तर काय होईल? बैलगाडीत मागे पोती जास्त झाली की काय होतं? गाडी उलार होते, बैल लटकतात. विमानाला बैल नसतात, त्यामुळे नाक वर करून ते शेपटीवर बसतं. तसं होऊ नये म्हणून शेपटीखाली एक दांडा लावतात. तो दांडा लावायचा आणि सगळे जागेवर बसून दार लागलं की आठवणीने काढायचा, हे वाल्मीकचं काम. शिवाय चाकांपुढे रबरी ठोकळे ठेवायचे, पंख्यांभोवती नारिंगी शंकू मांडायचे, आणि पंखा थांबलेला दिसला तरी तो फिरतोय असं समजून त्याच्या जवळून कुणाला जाऊ द्यायचं नाही.

शेवटी विमानाभोवती एक पूर्ण फेरी. मग समोर उभं राहून कॅप्टनला अंगठा दाखवायचा. तो अंगठा पाहिल्यावर कॅप्टन पंखे सुरू करतात. काही चुकलेलं दिसलं तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली करायची. त्या फुलीपुढे कॅप्टनलाही थांबावं लागतं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. चार वर्षांत वाल्मीकने अंगठा हजारदा दाखवला होता. फुली एकदाही केली नव्हती. घरीदारीही त्याने कधी कुणाला थांब म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.

त्याच्या डाव्या हाताची करंगळी मात्र अर्धी आहे. ती सातपूरला राहिली. तिथल्या एका कारखान्यात तो पत्रा दाबायच्या प्रेसवर अकरा वर्षं होता. प्रेसला पुढे एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळीमुळे माल निघायला वेळ लागतो, म्हणून फोरमनने ती काढायला लावली. एकदा मशीन थांबलं म्हणून वाल्मीकने अडकलेला पत्रा ओढायला हात घातला, आणि मशीन थांबलेलं नव्हतं. कारखान्याच्या फाटकावर एक मोठा फळा होता, 'अपघाताविना ३११ दिवस'. दुसऱ्या दिवशी हाताला बँडेज बांधून वाल्मीक आला तेव्हा फळ्यावर ३१२ लिहिलेलं होतं. त्याला आत बोलावून एक कागद पुढे केला. बोट घरी लाकूड फोडताना तुटलं, असं त्यावर लिहिलं होतं. घरी तेव्हा गॅस होता. वाल्मीकने सही केली. उजवा हात शाबूत होता.

ते बोट एका परीने अजून त्या फळ्यावरच आहे, असं त्याची बायको उज्वला म्हणते. ती द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मणी निवडायला जाते. बोलण्याचं घरातलं सगळं काम तिच्याकडे आहे.

सह्यगंगाच्या ऑफिसातही एक फळा होता. स्टेशन मॅनेजर रविराज सरांनी तो स्वतः लावून घेतला होता, 'सलग वेळेवर उड्डाणे'. रविराज सर वयाने पस्तिशीच्या आतले, बाहेर कितीही ऊन असलं तरी टायची गाठ सैल न करणारे. मार्च महिन्यात त्या फळ्यावर नव्व्याण्णवचा आकडा लागला. शंभर झाले की मुंबईच्या हॉटेलात पारितोषिक होतं. नेमका तेव्हाच कंपनीचा सुरक्षा सप्ताह आला, आणि रविराज सरांच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची सोयरीक जमली. शंभरावं उड्डाण आणि सुरक्षा सप्ताहाचा समारोप एकाच दिवशी, विमानाशेजारीच.

"काका," ते वाल्मीकला म्हणाले, "तुमचा करार सोमवारी संपतोय ना? या वेळी अकरा महिन्यांचं नाही. कायमचं बघतोय मी. फक्त हे शंभरावं नीट निघू द्या."

चार वर्षांत वाल्मीकने अकरा-अकरा महिन्यांचे चार करार केले होते. दोन करारांच्या मधल्या दिवसांत तो कंपनीचा कुणीच नसे, तरी टेकू लावायला येत असे, कारण विमानाला करार समजत नाही. वय बावन्न. कायमचं पत्र मिळायची ही बहुधा शेवटचीच संधी होती.

त्या दिवशी सकाळी डबा भरताना उज्वला म्हणाली, "अहो, आज तोंड उघडू नका. सोमवारपर्यंत तरी."

"मी कधी उघडतो?"

"ते पण खरंच," ती म्हणाली. "डबा खायला तेवढं उघडा."

विमान तीन वाजून दहा मिनिटांनी हैदराबादला निघायचं होतं. दोनपासूनच विमानाच्या उजव्या बाजूला, नाकापुढे चाळीस पावलांवर एक छोटा मांडव उभा होता. लोखंडी पायांचा, वर पांढरं कापड, झालरीसह. परवानगीच्या कागदावर रविराज सरांनी 'प्रवाशांसाठी तात्पुरती सावली' असं लिहिलं होतं. त्या सावलीत एकही प्रवासी नव्हता. तिथे होते मुंबईहून आलेले सुरक्षा विभागाचे प्रमुख सबनीस साहेब, प्रमुख पाहुणे आप्पासाहेब, आणि आप्पासाहेबांची पंचवीस माणसं. आप्पासाहेब जिल्ह्यातलं बडं प्रस्थ. सध्या कोणत्या पदावर आहेत हे कुणी विचारत नसे, कारण जवळजवळ सगळ्याच पदांवर ते माजी होते. मांडवही त्यांच्याच पुतण्याचा होता.

सबनीस साहेब निळा कोट घालून बोलले, आणि चांगलं बोलले. पंख्याच्या विमानात सुरक्षेचे धडे रक्ताने लिहिलेले असतात, असं म्हणाले. उड्डाणाच्या वेळी पंखा एका सेकंदात वीस फेऱ्या घेतो, समोर हरभऱ्याएवढा खडा पडला असेल तर तो बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, पात्याला लागला तर पातं जायबंदी होतं आणि खिडकीला लागला तर माणूस. "आणि म्हणून," साहेबांचा आवाज भरून आला, "सुरक्षेत सगळ्यात मोठा अधिकारी मी नाही, कॅप्टन नाही. जो शेवटच्या रांगेत उभा आहे, तो! त्याने थांबा म्हटलं, की मालकानेही थांबायचं!"

शेवटच्या रांगेत वाल्मीक उभा होता. टाळ्या पडल्या. त्यानेही वाजवल्या.

मग रविराज सरांनी आप्पासाहेबांच्या हातात नारळ दिला.

नव्या ट्रॅक्टरपुढे नारळ फुटतो, बोअरला पाणी लागलं की फुटतो, द्राक्षाचा पहिला कंटेनर निघाला की फुटतो, तर शंभराव्या विमानापुढे का फुटू नये, याला खरोखरच कुणाकडे उत्तर नव्हतं. पंख्याला झेंडूचा हार घालायचाही बेत होता. पण कॅप्टन मोहिनी शिडीवर उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांनी हाराकडे असं पाहिलं की तो हार वळून सबनीस साहेबांच्या गळ्यात गेला. त्या समाधानाने आत गेल्या. नारळ त्यांना दिसला नाही.

आता नारळ फोडायला दगड लागतो. विमान उभं राहतं त्या जागेवर दगड सापडला तर वाल्मीकची नोकरी जाईल, इतकी ती जागा स्वच्छ. आप्पासाहेबांनी चाकापुढच्या ठोकळ्यावर नारळ आपटला. ठोकळा रबराचा. नारळ उसळून परत त्यांच्या हातात आला. माणसं म्हणाली, "वा!" दुसऱ्यांदा तो पोटावर आला. तेव्हा वाल्मीकचा जोडीदार गेणू पुढे होऊन म्हणाला, "आप्पा, हितं मारा, लोखंड हाय," आणि त्याने विमान ओढायचा जाडजूड दांडा दाखवला. आप्पासाहेबांनी दोनदा फसल्याचा सगळा राग काढून नारळ हाणला.

नीट फुटला असता तर दोन वाट्या झाल्या असत्या. पण तो फटाक्यासारखा फुटला. पाणी सबनीस साहेबांच्या बुटांवर गेलं, तुकडे चहूकडे. सगळे हसले, "शुभ आहे, शुभ आहे" म्हणाले, आणि मांडवात चहा-वड्याकडे वळले. गेणूने तुकडे वेचून ताटात घातले.

वाल्मीकने ते ताट मागून घेतलं. शिडीच्या पायाशी उकिडवा बसला आणि तुकडे एकमेकांना लावायला लागला, फुटलेलं मडकं लावावं तसे. सहा तुकडे होते. सहा लावून झाल्यावर करवंटीच्या पोटात एक तीन कोपऱ्यांचं भोक राहिलं, दोन बोटं मावतील एवढं.

"गेणू, अजून एक असंल."

"आरं, फुटताना भुगा व्हतो त्याचा."

"एवढ्या जाड करवंटीचा?"

वाल्मीकने एकट्याने जमीन पाहिली. चाकांच्या मध्ये पाहिलं, दांड्याखाली पाहिलं. तोवर प्रवासी येऊन चढायला लागले होते. त्याने टेकूला हात लावून खात्री केली आणि रविराज सरांकडे गेला.

"सर, एक तुकडा कमी आहे."

"कशाचा?"

"नारळाचा."

"कुणीतरी खाल्ला असेल हो काका!"

"करवंटीसकट?"

रविराज सरांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून तीन मिनिटं. "काका, शंभरावं आहे. सोमवार लक्षात ठेवा," ते हसून म्हणाले, आणि हसू तसंच ठेवून मांडवाकडे गेले.

तीन सातला दार लागलं. वाल्मीकने टेकू काढला, शंकू उचलले, फेरी मारली. तुकडा नव्हता. तो समोर येऊन उभा राहिला. आतून कॅप्टन मोहिनींनी बोट गोल फिरवून विचारलं, सुरू करू? मांडवातून आप्पासाहेबांच्या माणसांनी मोबाइल वर धरले. रविराज सरांचा फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

वाल्मीकने अंगठ्यासाठी हात वर नेला. डोक्यात एकाच वेळी बरंच काही होतं. उज्वला होती, कायमचं पत्र होतं, आणि हेही होतं की आपण उगाच करतोय, तुकडा खरंच कुणाच्या खिशात असेल, लोक हसतील. पण डाव्या हाताची अर्धी करंगळी ठणकायला लागली होती. ती एरवी थंडीतच ठणकते. त्याने डावा हातही वर नेला आणि डोक्यावर फुली केली.

फोटो चांगला आला, असं नंतर फोटोग्राफर म्हणाला.

कॅप्टन मोहिनींनी लगेच दोन्ही हात वर करून दाखवले. म्हणजे मी कशालाही हात लावत नाही. मग टेकू परत लागला, दार उघडलं, त्या खाली उतरल्या. "काय झालं, दादा?"

वाल्मीकने करवंटी पुढे केली. "मॅडम, हा नारळ इथं फुटला. एक तुकडा मिळत नाही."

कॅप्टननी करवंटीतल्या भोकातून मांडवाकडे पाहिलं. "इथं? नारळ?" एवढंच बोलल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "सगळ्यांनी ओळ करा. खांद्याला खांदा. खाली बघत चालायचं."

त्यानंतर नाशिककरांनी पूर्वी पाहिलं नसेल असं दृश्य दिसलं. आप्पासाहेब, त्यांची पंचवीस माणसं, फोटोग्राफर, गेणू, सगळे निंदणीला आल्यासारखे वाकून ओळीने चालले. ओळीच्या मधोमध सबनीस साहेब होते. ते सर्वांत जास्त वाकले होते आणि "बारीक बघा, बारीक बघा" म्हणत होते. वरून सत्तर प्रवासी खिडक्यांना नाक लावून बघत होते. माजी पदाधिकारी एवढा वाकलेला निवडणुकीशिवाय दिसत नाही, असं त्यातलं कुणीतरी म्हणालं.

एका पेनाचं टोपण सापडलं. बिल्ल्याची एक टाचणी सापडली. झेंडूच्या पाकळ्या सापडल्या. आणि उजव्या पंख्याच्या समोर, वीस पावलांवर, खुद्द आप्पासाहेबांच्या बुटाखाली एक बोल्ट सापडला. अंगठ्याएवढा, नवाकोरा. कॅप्टननी तो हातात घेतला, मांडवाजवळ गेल्या, एकेक पाय पाहिला. तिसऱ्या पायाला एक भोक रिकामं होतं. बोल्ट त्यात बसला.

"मांडव काढा," त्या म्हणाल्या. "आत्ता."

नारळाचा तुकडा मात्र सापडला नाही. चाकं तपासली, दोन्ही इंजिनांची तोंडं विजेरीने पाहिली, विमान दहा पावलं ओढून खालची जागा पाहिली. शेवटी तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी वाल्मीकने अंगठा दाखवला आणि विमान उडालं. बोल्टचा फोटो काढून कॅप्टननी तो रविराज सरांच्या हातात ठेवला होता. सरांनी तो वाल्मीकदेखत टेबलाच्या उजव्या खणात टाकला. मग ते फळ्याजवळ गेले आणि नव्व्याण्णव पुसून शून्य लिहिलं. खडू तुटला.

संध्याकाळपर्यंत बातमी जानोरीत पोचली, आणि बातमीत बोल्ट नव्हता. थोरला भाऊ खंडेराव बागेतून परस्पर वाल्मीकच्या ओट्यावर आला.

"आरं वाल्या, खोबऱ्यापायी विमान आडिवलं म्हणं? मला फोन करायचा, मी पोतंभर नारळ आणून दिले असते!"

वाल्मीकने पायातले बूट काढून भिंतीशी ठेवले.

"लय शहाणा तू. कायमची नोकरी खोबऱ्यावारी घालिवली. आन् तुकडा घावला का? नाय ना?"

"भाऊ, चहा घ्या," उज्वला म्हणाली. तिने कप असा आदळला की खंडेराव चहा पिऊन लगेच उठले. ते गेल्यावर तिने वाल्मीककडे पाहिलं. सकाळचं बोलणं काढेल असं त्याला वाटलं. तिने नुसतं विचारलं, "तुकडा नव्हता हे नक्की?"

"नक्की."

"मग झालं," ती म्हणाली, पण रात्री भाकरी करपली.

सोमवारी त्याला ऑफिसात बोलावलं. करार संपायचा दिवस तोच. टेबलाच्या एका बाजूला रविराज सर, दुसऱ्या बाजूला चौकशीसाठी पुन्हा मुंबईहून आलेले सबनीस साहेब, तोच निळा कोट घालून. मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिठ्ठी चिकटवलेले, पुरावा म्हणून ठेवलेले नारळाचे सहा तुकडे. पाच दिवसांत खोबऱ्याला बुरशी आली होती आणि वासही. कॅप्टन मोहिनींनी आपला अहवाल दिला होता. पण तो वेगळ्या विभागाचा, वेगळ्या शहरात, वेगळ्या टेबलावर होता, आणि दोन्ही टेबलांची अजून ओळख झालेली नव्हती.

"काका, बसा," रविराज सर म्हणाले. एक कागद पुढे सरकवला. "साधं आहे. एवढी सही केली की मी लगेच तुमचं कराराचं बघतो."

वाल्मीकने चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या गैरसमजामुळे आणि अतिसावधपणामुळे उड्डाणास एकतीस मिनिटे विलंब झाला. शोधानंतर कोणतीही आक्षेपार्ह वस्तू आढळली नाही.'

त्याने दोनदा वाचलं. शेजारी पेन होतं. उजवा हात शाबूत होता.

"सर," तो म्हणाला, "यात बोल्ट नाही."

"कसला बोल्ट?"

"तुमच्या उजव्या खणात आहे तो."

रविराज सरांनी नकळत खण गुडघ्याने ढकलला. आत काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला.

"हे बघा वाल्मीकराव," सबनीस साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही विमान थांबवलं ते नारळाच्या तुकड्यासाठी. बोल्ट शोधायला नाही. बोल्ट हा योगायोग. आणि तुकडा तर नव्हताच. मग तुम्ही थांबवलं कशासाठी? तुम्हाला कळतंय ना, एकेका मिनिटाचं..."

"कळतंय साहेब." तो उभा राहिला, कारण बसून त्याला इतकं बोलता आलं नसतं. "सातपूरला मी अशीच एक सही केलीय. त्यात लाकूड होतं, मशीन नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याच मशीनवर आणखी एकाची दोन बोटं गेली. जाळी लागलीच नव्हती ना. कागदावर काही झालंच नव्हतं, तर जाळी कोण लावणार?" त्याने पेन उचलून सरांच्या बाजूला ठेवलं. "यावर बोल्ट लिहा. मांडव लिहा. मग करतो सही. नाहीतर करार राहू द्या."

एवढं तो लग्नानंतर एका दमात बोललेला नव्हता.

सबनीस साहेबांना घाम आला होता. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घालून रुमाल ओढला. रुमाल अडकला. त्यांनी झटका दिला. रुमालाबरोबर काहीतरी बाहेर आलं, टेबलावर पडलं, टणकन वाजलं आणि पुराव्याच्या पिशवीला जाऊन टेकलं.

तीन कोपऱ्यांचं. वाळलेलं. एका बाजूला करवंटी, एका बाजूला खोबरं.

वाल्मीकने पिशवी उघडली, सहा तुकडे लावले, आणि मग तो सातवा उचलून भोकात ठेवला.

"बसला," तो म्हणाला.

सबनीस साहेब रुमालाकडे बघत होते. "बुटापाशी आला होता," ते अगदी हळू म्हणाले. "प्रसाद म्हणून... मिसेससाठी..."

त्या दिवशी ओळीत सर्वांत जास्त कोण वाकलं होतं, हे तिघांनाही आठवलं असणार. पण रविराज सर मॅनेजर झाले होते ते उगाच नाही. ते सगळ्यांत आधी सावरले.

"म्हणजे नारळ पूर्ण आहे, सर."

"पूर्ण आहे," सबनीस साहेब म्हणाले.

"नारळ पूर्ण आहे, म्हणजे तुकडा हरवलेलाच नव्हता."

"हरवला नव्हता."

"तुकडा हरवला नव्हता, म्हणजे शोध घेतलाच गेला नाही. कशाचा घेणार?"

"बरोबर." साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. "मग उशीर कशाने झाला?"

दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"हवामान," रविराज सर म्हणाले. "आणि हवामानाचा उशीर आपल्या मोजणीत धरत नाहीत."

"सर, त्या दिवशी लख्ख ऊन होतं," वाल्मीक म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर ते लगेच मिटत नाही.

"ऊन हेसुद्धा हवामानच आहे, काका."

वाल्मीकच्या नावाचा कागद सबनीस साहेबांनी स्वतःच्या हाताने फाडला. वाल्मीक तरी जाईना.

"आता काय?" साहेबांनी विचारलं.

"पुढचा नारळ गेटाच्या बाहेर फुटू द्या, साहेब. आणि विमानाजवळ मांडव नको. एवढं कागदावर पाहिजे."

साहेबांनी सातव्या तुकड्याकडे पाहिलं आणि लिहून दिलं. त्या तुकड्यापुढे ते त्या दिवशी काहीही लिहून द्यायला तयार होते. पण वाल्मीकला दुसरं काही मागायचं सुचलं नाही. उज्वलाने नंतर कपाळावर हात मारला. "कायमचं मागायचं होतं ना! तेवढाच मोका होता!"

फळ्यावरचं शून्य पुसलं गेलं आणि मधली वेळेवरची उड्डाणं धरून तिथे एकशे सहा आकडा आला. मुंबईच्या हॉटेलात रविराज सरांना पारितोषिक मिळालं. सबनीस साहेबांचा नियम सगळ्या गावांच्या विमानतळांवरच्या कंपनीच्या ऑफिसांत गेला. 'विमानाच्या परिसरात नारळ फोडू नये, मांडव घालू नये. बाहेर फोडलेल्या नारळाचे तुकडे जोडून पाहावेत.' खाली त्यांचंच नाव होतं, आणि या दूरदृष्टीबद्दल त्यांचाही सत्कार झाला. तो बंद सभागृहात झाला. कॅप्टन मोहिनींचा अहवाल पावसाळ्यात योग्य टेबलावर पोचला, तोवर नियम आधीच झालेला असल्यामुळे त्यावर 'कार्यवाही पूर्ण' असा शिक्का मारायला सोपं गेलं. वाल्मीकला करार मिळाला. अकरा महिन्यांचा. "पुढच्या वेळी कायमचं नक्की बघतो," असं सर म्हणाले. बोल्ट अजून खणातच आहे. खण उघडताना वाजतो.

दसऱ्याला खंडेरावांनी नवा ट्रॅक्टर घेतला. मारुतीच्या पारापुढे ट्रॅक्टर उभा राहिला, हार झाला, कुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं. खंडेरावांनी दगडावर नारळ फोडला, प्रसाद वाटायला दिला आणि सीटवर चढून चावी फिरवली. इंजिन धडधडलं. गाव जमलेलं होतं. कुणीतरी ओरडलं, "वाल्याला इचारा, सोडू का म्हणून!" मोठा हशा झाला.

वाल्मीक पाराच्या कडेला उकिडवा बसला होता. प्रसादाचं ताट त्याच्यापुढे होतं. तो उठला, ट्रॅक्टरच्या समोर येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याने फुली केली.

"आरं, ट्रॅक्टर हाय ह्यो!" खंडेराव वरून ओरडले. "इमान नाय!"

वाल्मीकने हात खाली घेतले नाहीत. नुसतं मानेने मागच्या मोठ्या चाकाकडे दाखवलं. खंडेरावांनी कुरकुरत इंजिन बंद केलं आणि वाकून पाहिलं. मागच्या चाकाला टेकून, सावली बघून, पुजारीबुवांची म्हातारी आई प्रसादाची वाट बघत बसली होती. तिला कमी ऐकू येत असे.

खंडेराव खाली उतरले आणि दोघा भावांनी तिला धरून पारावर आणून बसवलं. खंडेराव चावी हातात धरून बराच वेळ खालीच उभे राहिले. मग वर चढले, सीटवर बसले, आणि चावीला हात लावण्याआधी त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं.

वाल्मीकने ट्रॅक्टरभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग समोर येऊन अंगठा दाखवला.